उमेदवाराचा प्रामाणिकपणा आणि माध्यमांची साक्ष : ‘सामना’, ‘सिंहासन’ व महाराष्ट्रातील निवडणूक-वास्तव

सारांश : निवडणुकीच्या काळात उमेदवार प्रामाणिक आहे की नाही, हा प्रश्न मतदारासमोर प्रामुख्याने माध्यमांच्या द्वारे येतो. या प्रश्नाचे उत्तर माध्यमांनी उभ्या केलेल्या प्रतिमेतून मिळू शकते काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ या दोन मराठी चित्रपटांची समीक्षा आधाराला घेतली असून १९८१चे सिमेंट प्रकरण, २००९च्या विधानसभा निवडणुकीतील ‘पेड न्यूज’चे प्रकरण, उमेदवारांची शपथपत्रे आणि दिग्रस मतदारसंघातील अलीकडचा अनुभव यांच्याशी ती पडताळून पाहिली आहे. प्रामाणिकपणा हा चेहऱ्यावरून वाचण्याचा गुण नसून नेमका प्रश्न आणि त्याला मिळालेले लेखी उत्तर यांच्या मेळातून पारखण्याची गोष्ट आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : प्रामाणिकपणा, प्रतिमा, पेड न्यूज, शपथपत्र, पाठचिकित्सा, मतदार.

१. प्रस्तावना

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरबसारख्या गावात माणसाची पारख करण्याची एक जुनी रीत आहे. उसने घेतलेले वेळेवर परत केले काय, कापसाचा काटा खरा ठेवला काय, धुऱ्याच्या भांडणात शब्द फिरवला काय, कोणाच्या घरी मयत झाली तेव्हा तो आला काय, अशा लहानसहान गोष्टींवरून गाव माणसाविषयीचे मत बनवत असते. हे मत एका दिवसात बनत नाही आणि एका दिवसात मोडतही नाही. त्यात जातीचा, भावकीचा आणि जुन्या वैराचा अंश मिसळलेला असतो हे खरे. तथापि ज्याच्याविषयी मत बनवायचे तो माणूस डोळ्यांसमोर वावरत असतो, हे या रीतीचे मोठे बळ होय.

विधानसभेचा वा लोकसभेचा उमेदवार मात्र डोळ्यांसमोर वावरत नाही. तो फलकावर, वर्तमानपत्रात, दूरचित्रवाणीवर आणि आता हातातल्या मोबाईलवर भेटतो. गावाला सरपंच माहीत असतो. आमदार मात्र सांगितला जातो. सांगणाऱ्याची साक्ष कितपत धरावी, हा म्हणूनच उमेदवाराच्या प्रामाणिकपणाइतकाच महत्त्वाचा प्रश्न ठरतो. पहिला प्रश्न आपण मोठ्याने विचारतो आणि दुसरा विचारायचा विसरतो, असे खेदाने म्हणावे लागते.

२. ‘प्रामाणिक’ या शब्दाची व्याप्ती

मराठीत ‘प्रामाणिक’ हा शब्द ‘प्रमाण’ या शब्दापासून सिद्ध झाला आहे. ज्याला प्रमाण आहे, जे पुराव्याला उतरते, ते प्रामाणिक. आजच्या वापरात मात्र हा शब्द पुष्कळसा मनाच्या निर्मळपणाचा वाचक झाला आहे. ‘माणूस प्रामाणिक वाटतो’ असे आपण सहज बोलून जातो. या वाक्यातील ‘वाटतो’ हे क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे, कारण प्रमाणाची जागा तेथे प्रचीतीने घेतलेली असते.

माध्यमांच्या छाननीत याच दुसऱ्या अर्थाला महत्त्व येते. मुलाखतीत उमेदवार अडखळला काय, प्रश्न येताच चिडला काय, डोळ्यांत पाणी आले काय, यांवरून त्याच्या खरेपणाची चर्चा रंगते. अडखळणारा खोटा आणि अस्खलित बोलणारा खरा, असे समीकरण त्यातून नकळत तयार होते. वास्तविक अस्खलित बोलणे हे सरावाचे फळ असते. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण ज्या समाजाने घडवली, त्याच समाजाने दाखवायच्या दातांवरून निवाडा करावा, ही विसंगती विचार करायला लावणारी आहे.

३. ‘सामना’ : एका प्रश्नाचे सामर्थ्य

विजय तेंडुलकरांचे लेखन आणि डॉ. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन लाभलेला ‘सामना’ हा चित्रपट १९७५ मध्ये प्रदर्शित झाला. सहकाराच्या जोरावर गावाचा अनभिषिक्त राजा बनलेला हिंदूराव आणि गावात येऊन पडलेला एक मद्यपी, मोडलेला मास्तर यांच्यातील हा संघर्ष आहे. हिंदूराव हा ढोबळ खलनायक नाही. त्याने गावात कारखाना आणला, लोकांना काम दिले, त्याच्या शब्दाला वजन आहे. त्याची प्रतिमा पूर्णतः खोटी आहे असे म्हणता येत नाही, आणि म्हणूनच ती भेदणे कठीण जाते.

मास्तर ही प्रतिमा भेदण्यासाठी हिंदूरावाच्या चारित्र्यावर भाषण करीत नाही. मारुती कांबळे नावाच्या नाहीशा झालेल्या माणसाचे काय झाले, एवढाच प्रश्न तो पुन्हा पुन्हा विचारतो. चित्रपटाचे सारे बळ या प्रश्नाच्या नेमकेपणात आहे. ‘तुम्ही प्रामाणिक आहात काय?’ या प्रश्नाला हिंदूरावाकडे शंभर उत्तरे आहेत; नाव घेऊन विचारलेल्या या प्रश्नाला मात्र एकच उत्तर आहे, आणि ते तो देऊ शकत नाही. प्रश्न जितका व्यापक तितकी पळवाट मोठी, आणि प्रश्न जितका नेमका तितकी पळवाट अरुंद, हे ‘सामना’ने दाखवून दिले.

तथापि या चित्रपटाची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. प्रश्न विचारणारा मास्तर बाहेरचा आहे. ज्या गावातून एक माणूस नाहीसा झाला, ते गाव गप्प आहे. मास्तरकडे गमावण्यासारखे काही उरले नाही म्हणून तो विचारू शकतो. ज्यांचा ऊस, ज्यांची मजुरी आणि ज्यांचे घर हिंदूरावाच्या हाती आहे, त्यांनी विचारायचे कसे, या प्रश्नाला चित्रपट स्पर्श करतो, पण त्याचा पाठपुरावा करीत नाही.

४. ‘सिंहासन’ : सर्व जाणणाऱ्याची असमर्थता

मूळचे परतवाड्याचे आणि पेशाने पत्रकार असलेल्या अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ व ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवर आधारलेला ‘सिंहासन’ हा चित्रपट १९७९ मध्ये आला. पटकथा तेंडुलकरांची आणि दिग्दर्शन जब्बार पटेल यांचेच होते. मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे यांना एक निनावी दूरध्वनी येतो आणि अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे यांच्या कटाची वार्ता मिळते. संपूर्ण कथानकाला गती देणारी माहितीच बिनसाक्षीची आहे. आजच्या ‘सूत्रांकडून मिळालेल्या माहितीनुसार’ या परिचित शब्दांची ही पूर्वसूचनाच म्हणावी लागेल.

या सत्तास्पर्धेचा साक्षीदार आहे पत्रकार दिगू टिपणीस. मंत्र्यांच्या दिवाणखान्यापासून कामगार पुढाऱ्याच्या अड्ड्यापर्यंत त्याला सर्वत्र मुभा आहे. कोण किती पाण्यात आहे, हे त्याला ठाऊक आहे. असे असूनही हे ज्ञान वाचकापर्यंत पोहोचत नाही, कारण त्यातील पुष्कळसे विश्वासाच्या बोलीवर मिळालेले आहे, आणि विश्वास मोडला तर दिवाणखान्याचे दार बंद होणार आहे. अखेरीस सत्तेचा खेळ जुन्याच भिडूंच्या तडजोडीत मिटतो आणि दिगू भान हरपून हसत सुटतो. माहितीचा अभाव हे त्याच्या वेडाचे कारण नव्हे. माहिती असून ती प्रमाण म्हणून मांडता न येणे, हे ते कारण होय.

येथे एक बाब समीक्षकांनी अधिक गांभीर्याने घ्यावी असे वाटते. ‘सामना’मध्ये हिंदूराव साकारणारे निळू फुले ‘सिंहासन’मध्ये दिगू टिपणीस होतात, आणि मास्तर साकारणारे डॉ. श्रीराम लागू अर्थमंत्री दाभाडे होतात. चार वर्षांच्या अंतराने तेच दोन चेहरे आपापल्या बाजू बदलतात आणि दोन्ही वेळा प्रेक्षकाला ते तितकेच खरे वाटतात. नटाच्या बाबतीत हे आपण त्याचे सामर्थ्य मानतो. पुढाऱ्याच्या बाबतीत मात्र चेहरा हा पुरावा मानण्याची चूक करतो.

‘सिंहासन’चीही एक मर्यादा आहे. या चित्रपटात आमदारांची गणिते आहेत, गट आहेत, दिल्ली आहे. ज्याच्या मताने हे सर्व निवडून आले तो मतदार मात्र जवळजवळ अनुपस्थित आहे. ‘सामना’त तो गप्प आहे, ‘सिंहासन’मध्ये तो दिसतच नाही. मराठीतील राजकीय चित्रपटाच्या या दोन श्रेष्ठ कृतींनी सत्ताधाऱ्याचे आणि साक्षीदाराचे चित्रण समर्थपणे केले. निवाडा करणाऱ्याचे चित्रण मात्र राहून गेले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

५. कागदाची साक्ष : १९८१

दिगू टिपणीसला जे साधले नाही ते महाराष्ट्रात लवकरच घडले. ३१ ऑगस्ट १९८१ रोजी ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरी यांचा लेख प्रसिद्ध झाला. तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी स्थापन केलेल्या न्यासांना मिळालेल्या देणग्या आणि टंचाईच्या काळातील सिमेंटचे वाटप यांचा संबंध त्यात मांडला होता. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल आला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला.

या प्रकरणाचे वैशिष्ट्य असे की, त्यातील मुख्य प्रश्न स्वभावाचा नव्हता. कोणाला किती सिमेंट मिळाले आणि त्याने किती देणगी दिली, असा तो ताळेबंदाचा प्रश्न होता. ‘सामना’तील प्रश्नाचा नेमकेपणा आणि ‘सिंहासन’मध्ये नसलेला कागद हे दोन्ही येथे एकत्र आले. पुढील फौजदारी खटला दीर्घकाळ रेंगाळला आणि अंतुले यथावकाश केंद्रात मंत्रीही झाले. म्हणजे कागदाची साक्षही अंतिम निवाडा घडवतेच असे नाही. मात्र निवाडा करणाऱ्याच्या हाती ती काहीतरी ठोस देते.

६. आरसाच विकला जातो तेव्हा : २००९

हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो. उमेदवार हे हातचे कांकण नव्हे. त्याला पाहण्यासाठी आरसा लागतोच. तो आरसाच पैसे घेऊन रूप दाखवू लागला तर काय होते, हे २००९च्या विधानसभा निवडणुकीने दाखवले. या निवडणुकीचे मतदान १३ ऑक्टोबर रोजी झाले. त्यानंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधील लेखांतून एक गोष्ट उघडकीस आणली. तत्कालीन मुख्यमंत्री आणि भोकर मतदारसंघातील उमेदवार अशोक चव्हाण यांची स्तुती करणारा मजकूर परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत जवळजवळ शब्दशः सारखा छापून आला होता. त्यावर जाहिरात असल्याची कोणतीही खूण नव्हती. दुसरीकडे, चव्हाण यांनी सादर केलेल्या निवडणूक खर्चाच्या हिशेबात वर्तमानपत्रांतील जाहिरातींवरील खर्च ५,३७९ रुपये इतका दाखवला होता. त्या वेळी खर्चाची मर्यादा १० लाख रुपये होती.

पराभूत उमेदवार माधवराव किन्हाळकर यांच्या तक्रारीवरून प्रकरण निवडणूक आयोगाकडे गेले. हिशेबाच्या खरेपणाची चौकशी करण्याचा आयोगाला अधिकार आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१४ रोजी स्पष्ट केले. त्यानंतर जुलैमध्ये आयोगाने चव्हाण यांच्याविरुद्ध आदेश दिला. तो दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्ये रद्द केला. चव्हाण यांनी या मजकुरासाठी पैसे दिल्याचे सातत्याने नाकारले आणि कायद्याच्या दृष्टीने ते सिद्ध झाले नाही, हे येथे स्पष्टपणे नोंदवले पाहिजे. उत्तर प्रदेशातील आमदार उमलेश यादव यांच्यावर मात्र ऑक्टोबर २०११ मध्ये अशाच स्वरूपाच्या प्रकरणात आयोगाने तीन वर्षांच्या अपात्रतेची कारवाई केली होती.

साहित्याच्या अभ्यासकाला या प्रकरणाविषयी स्वतःचे असे काही सांगता येते. न्यायालयापुढील प्रश्न पैसे दिले काय, हा होता. वाचकापुढील प्रश्न वेगळा आहे : मला बातमी म्हणून जे वाचायला दिले ते बातमीदाराने लिहिले होते काय? या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पाठचिकित्सेने देता येते. दोन हस्तलिखितांत तीच चूक त्याच ठिकाणी आढळली, तर त्यांचे मूळ एक असावे असा निष्कर्ष आपले संशोधक काढत आले आहेत. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम अशाच तौलनिक वाचनावर उभे राहिले. दोन स्वतंत्र वार्ताहरांच्या लेखणीतून तीच विशेषणे त्याच क्रमाने उतरणे संभवत नाही. मजकूर एका ठिकाणी तयार होऊन अनेक ठिकाणी गेला, एवढे सिद्ध करायला पावतीची गरज नाही. दोन अंक शेजारी ठेवून वाचण्याची गरज आहे.

येथे माध्यमांच्या प्रामाणिकपणाचाही निवाडा होतो. भारतीय प्रेस परिषदेने नेमलेल्या परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांच्या उपसमितीने ‘पेड न्यूज’विषयी सविस्तर अहवाल तयार केला. २०१० मध्ये परिषदेने तो संपूर्ण प्रसिद्ध करण्याऐवजी संक्षिप्त रूपात स्वीकारला; मूळ अहवाल २०११ मध्ये माहिती आयोगाच्या आदेशानंतर अधिकृतपणे खुला झाला. इतरांच्या उघडेपणाचा आग्रह धरणाऱ्या क्षेत्राने स्वतःविषयीची नावे झाकून ठेवावीत, ही घटना पुरेशी बोलकी आहे.

७. शपथपत्र : मतदाराच्या हातातील कागद

असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्सच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी दिलेल्या निकालामुळे उमेदवाराची मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि फौजदारी प्रकरणे जाणून घेण्याचा मतदाराचा हक्क मान्य झाला. संसदेने केलेल्या कायद्यातील या हक्काला बाधा आणणारे कलम न्यायालयाने १३ मार्च २००३ रोजी रद्द ठरवले. तेव्हापासून प्रत्येक उमेदवार नमुना २६ मध्ये शपथेवर माहिती देतो. खोटी माहिती देणे वा माहिती दडवणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२५ अ नुसार सहा महिन्यांपर्यंतच्या शिक्षेस पात्र असा गुन्हा आहे.

हा कागद परिपूर्ण नाही. त्यावरून निवाडा होण्यास किती काळ लागतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. देवेंद्र फडणवीस यांच्या २०१४च्या शपथपत्रात दोन प्रकरणांचा उल्लेख नसल्याची तक्रार होती. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ रोजी खटला चालवण्याचा मार्ग मोकळा केला आणि नागपूरच्या न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांची निर्दोष मुक्तता केली. दरम्यान दोन निवडणुकांतील मतदान होऊन गेले होते. तरीही शपथपत्राचे महत्त्व कमी होत नाही. त्यातील विधान खरे की अपुरे, हे विचारता येते, तपासता येते आणि त्याला उत्तर द्यावे लागते. भाषणातील विधानाच्या बाबतीत यांपैकी काहीच घडत नाही.

८. आपल्या अंगणातील प्रश्न

दूरच्या उदाहरणांवर बोलणे सोपे असते. दारव्हा परिसर दिग्रस विधानसभा मतदारसंघाशी जोडलेला आहे. या मतदारसंघाचे आमदार आणि तत्कालीन वनमंत्री संजय राठोड यांनी २८ फेब्रुवारी २०२१ रोजी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुण्यातील एका तरुणीच्या मृत्यूनंतर माध्यमांतून त्यांच्यावर आरोप झाले होते. त्यांनी ते नाकारले. ऑगस्ट २०२२ मध्ये ते पुन्हा मंत्री झाले आणि २०२४च्या निवडणुकीत पुन्हा निवडून आले.

या प्रकरणाचा निवाडा करणे हा या लेखाचा विषय नाही आणि तसा अधिकारही नाही. त्या काळात मतदाराच्या हाती काय होते, एवढाच प्रश्न येथे आहे. मोबाईलवर फिरणाऱ्या ध्वनिफिती, वाहिन्यांवरील अखंड चर्चा, एका बाजूला निषेध आणि दुसऱ्या बाजूला समर्थकांची गर्दी, एवढेच त्याला मिळाले. ज्या कुटुंबाने मुलगी गमावली त्या कुटुंबाचे दुःखही या गदारोळात साहित्यासारखे वापरले गेले. कोणी दोषी मानले, कोणी निर्दोष मानले. बहुतेकांनी आपापल्या पक्षाप्रमाणे आणि समाजाप्रमाणे मानले. वाहिनीवरील गदारोळ म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे जितके खरे, तितकेच मतपेटीतील विजय म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे, हेही खरे आहे. निवडणूक प्रतिनिधी ठरवते, वस्तुस्थिती ठरवत नाही. या दोहोंची गल्लत हे आपल्या राजकीय चर्चेचे मोठे दुखणे होय.

९. समारोप

वरील विवेचनावर एक आक्षेप संभवतो. सामान्य शेतकऱ्याने वा मजुराने शपथपत्रे वाचावीत आणि वर्तमानपत्रे शेजारी ठेवून ताडून पाहावीत, ही अपेक्षा अवाजवी नाही काय? एकट्या मतदाराकडून ती अवाजवी आहे, हे मान्य केले पाहिजे. परंतु हाच शेतकरी सातबाऱ्यावरील एका नोंदीसाठी तलाठ्याकडे दहा खेपा घालतो आणि कापसाच्या मोजमापात किलोभराचा फरकही त्याच्या नजरेतून सुटत नाही. कागद वाचण्याची आणि माप तपासण्याची वृत्ती गावात आहेच. तिला उमेदवाराच्या कागदाकडे वळवण्याचे काम झालेले नाही. ते ग्रामीण महाविद्यालयांनी करण्याजोगे आहे. निवडणुकीच्या काळात मराठीच्या विद्यार्थ्यांनी चार दैनिकांतील मजकूर ताडून पाहावा आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी एकाच उमेदवाराची दोन निवडणुकांतील शपथपत्रे समोरासमोर मांडावीत, एवढ्याने चावडीवरील चर्चेचा आधार बदलू शकेल.

प्रस्तुत लेखातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. एक, ‘उमेदवार प्रामाणिक आहे काय?’ हा प्रश्न त्या रूपात निरुपयोगी आहे. त्याच्या जागी नाव, तारीख आणि रक्कम असलेला प्रश्न विचारला पाहिजे. दोन, आरोप आणि स्तुती या दोहोंना सारखाच पुरावा मागितला पाहिजे. आपल्या माणसाची स्तुती आणि परक्यावरचा आरोप आपण विनापुरावा स्वीकारतो. तीन, सांगणाऱ्याने ते कोणत्या नात्याने सांगितले, हे कळल्याशिवाय सांगितलेले प्रमाण मानता येत नाही. आणि चार, एवढे करूनही काही प्रश्न मतदानाच्या दिवशी अनुत्तरित राहतील. ते अनुत्तरित आहेत हे ध्यानात ठेवून मत देणे, हाही मतदाराच्या प्रामाणिकपणाचाच भाग होय.

‘सामना’तील गाव गप्प राहिले आणि ‘सिंहासन’मधील साक्षीदाराला भान राखता आले नाही. त्या दोघांनाही जे साधले नाही ते, म्हणजे नेमका प्रश्न शांतपणे विचारणे आणि लेखी उत्तराची वाट पाहणे, बोरी अरबच्या मतदाराला साधले, तर उमेदवाराच्या चेहऱ्याकडे पाहून निवाडा करण्याची गरज त्याला उरणार नाही.